माशांमधील विषाणुजन्य रोगांचा प्रसार

माशांमधील विषाणुजन्य रोगांचा प्रसार म्हणजे समुद्र, नद्या व सरोवरे यांतील वन्य मासे आणि तळी, टाक्या व जाळीचे पिंजरे यांत पाळलेले मासे यांच्यामध्ये रोगकारक विषाणूंचे होणारे संक्रमण होय. हे संक्रमण दोन्ही दिशांनी होते. अनेक विषाणू मूळचे वन्य माशांमधील असून तेथे ते सहसा नजरेत न येता टिकून राहतात. मत्स्यशेतीत मासे दाटीने ठेवलेले असल्याने तेच विषाणू तेथे झपाट्याने वाढतात व काही वेळा अधिक घातक रूप धारण करतात. पुढे जिवंत मासे, अंडी, मत्स्यबीज, खाद्य आणि जहाजे यांच्या वाहतुकीतून ते दूरच्या खोऱ्यांत, प्रसंगी दुसऱ्या खंडांतही पोहोचतात. त्यामुळे या रोगांचा विचार करताना वन्य मासे, पाळीव मासे आणि माणसाची वाहतूक या तिन्ही घटकांकडे एकत्रितपणे पाहावे लागते.

प्रमुख रोग

समुद्राच्या एक मिलिलीटर पाण्यात साधारणपणे १ कोटी विषाणुकण असतात. त्यांपैकी बहुतेक जिवाणूंवर जगणारे असून माशांना अपाय करीत नाहीत. माशांमध्ये गंभीर रोग निर्माण करणाऱ्या विषाणूंची संख्या त्या मानाने थोडी आहे. प्रसाराच्या दृष्टीने महत्त्वाचे रोग पुढीलप्रमाणे आहेत :

- विषाणुजन्य रक्तस्रावी सेप्टिसेमिया, संक्षेपाने व्हीएचएस : ट्राउट, हेरिंग, कॉड आदी ८० हून अधिक जातींच्या गोड्या व खाऱ्या पाण्यातील माशांत आढळतो.
- संसर्गजन्य रक्तजनक ऊतिनाश, संक्षेपाने आयएचएन : प्रामुख्याने साल्मन व ट्राउट यांचा रोग. रक्तपेशी तयार करणाऱ्या ऊतींचा यात नाश होतो.
- साल्मनमधील संसर्गजन्य रक्तक्षय, संक्षेपाने आयएसए : अटलांटिक साल्मनचा रोग. याचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या विषाणूच्या कुळातील आहे.
- संसर्गजन्य स्वादुपिंड ऊतिनाश, संक्षेपाने आयपीएन : साल्मन व ट्राउटच्या पिलांचा रोग. याचा विषाणू शरीराबाहेर दीर्घकाळ टिकतो.
- कोई हर्पीस विषाणू रोग : कॉमन कार्प म्हणजे सायप्रिनस मासा आणि त्याचाच शोभिवंत प्रकार असलेला कोई यांचा रोग.
- तिलापिया सरोवर विषाणू रोग : तिलापिया माशांचा अलीकडे ओळखला गेलेला रोग.
- विषाणुजन्य चेता-ऊतिनाश : जिताडा, हेकरू यांसारख्या सागरी व निमखाऱ्या पाण्यातील माशांच्या पिलांचा रोग. यात मेंदू व डोळ्यातील दृष्टिपटल यांवर परिणाम होतो.

पाण्यातील संक्रमणाची रीत

जमिनीवरील प्राण्यांच्या तुलनेत माशांमधील संक्रमणाचे वैशिष्ट्य म्हणजे मासा ज्या पाण्यात श्वास घेतो, त्याच पाण्यात त्याचे उत्सर्गही मिसळतात. रोगी माशाच्या मूत्रातून, विष्ठेतून, अंगावरील बुळबुळीत स्रावातून आणि मृत्यूनंतर कुजणाऱ्या शरीरातून विषाणू पाण्यात येतात. निरोगी माशाच्या शरीरात ते कल्ले, त्वचा, परांची मुळे किंवा अन्नमार्ग यांतून प्रवेश करतात. या प्रकाराला समस्तरीय संक्रमण म्हणतात.

दुसरा प्रकार उभ्या संक्रमणाचा, म्हणजे मातापित्यांकडून पिलांकडे होणारा. काही विषाणू अंड्याच्या आत, तर काही अंड्याच्या पृष्ठभागावर किंवा प्रजननद्रवात राहून पुढील पिढीत जातात. आयपीएन व चेता-ऊतिनाश या रोगांत असे संक्रमण महत्त्वाचे असते. हॅचरीतील एक रोगवाहक मादी वरकरणी निरोगी दिसत असली, तरी तिच्यापासून झालेली हजारो पिले अनेक शेततळ्यांत विखुरली जाऊ शकतात.

तिसरा मार्ग वाहकांचा आहे. साल्मनच्या अंगावर राहून त्याची त्वचा खाणाऱ्या समुद्री उवा आयएसएचा विषाणू एका माशावरून दुसऱ्यावर नेऊ शकतात. आयपीएनचा विषाणू पक्ष्यांच्या अन्नमार्गातून जाऊनही क्रियाशील राहतो. त्यामुळे रोगी मासा खाणारा बगळा किंवा पाणकावळा तो विष्ठेवाटे दुसऱ्या जलाशयात सोडू शकतो. ओली जाळी, बादल्या, गमबूट व वाहतुकीच्या टाक्या यांतूनही संक्रमण होते.

विषाणू पाण्यात किती काळ टिकतो, हे तापमान, सूर्यप्रकाश, क्षारता आणि पाण्यातील जिवाणू यांवर अवलंबून असते. थंड पाण्यात तो सर्वसाधारणपणे अधिक काळ टिकतो. रोगाचा उद्रेकही तापमानाशी निगडित असतो. व्हीएचएसची साथ बहुधा पाणी १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असताना येते, तर कोई हर्पीस विषाणू रोगाची साथ पाणी साधारण १६ ते २८ अंशांच्या दरम्यान असताना येते. साथीतून वाचलेले मासे पुढे लक्षणांविना विषाणू बाळगू शकतात आणि अंडी घालण्याच्या काळातील ताणामुळे तो पुन्हा बाहेर टाकू लागतात.

वन्य माशांकडून मत्स्यशेतीकडे

व्हीएचएस या रोगाचा इतिहास या दिशेचे ठळक उदाहरण आहे. युरोपातील पाळीव ट्राउटमधील या रोगाचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म शेपरक्लाउस यांनी १९३८ मध्ये केले. १९६० च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कमध्ये त्याचा विषाणू वेगळा करण्यात आला आणि एग्टवेड या गावावरून तो दीर्घकाळ एग्टवेड विषाणू म्हणून ओळखला गेला. त्या वेळी हा गोड्या पाण्यातील पाळीव ट्राउटचाच रोग आहे, अशी समजूत होती.

१९८८ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात समुद्रातून नदीत परतलेल्या कोहो व चिनूक साल्मनमध्ये हा विषाणू सापडला आणि त्या समजुतीला धक्का बसला. पुढील शोधात हेरिंग, कॉड, स्प्रॅट अशा अनेक सागरी माशांत तो आढळला. जनुकीय तुलनेवरून युरोपातील ट्राउटचा विषाणू हा सागरी विषाणूचाच वंशज असल्याचे दिसून आले. पूर्वी ट्राउटला कच्चे सागरी मासे खाऊ घालण्याची पद्धत होती. त्यातूनच विषाणू समुद्रातून तळ्यांत आला असावा, असे मानले जाते.

आयएचएनचा विषाणू पॅसिफिक महासागराच्या उत्तर अमेरिकी किनाऱ्यावरील वन्य साल्मनमध्ये, विशेषतः सॉकाय साल्मनमध्ये, पूर्वापार आढळतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अटलांटिक साल्मन बाहेरून आणून पिंजऱ्यांत पाळला जाऊ लागला. या माशाचा त्या विषाणूशी पूर्वी संबंध आलेला नव्हता. २००१ ते २००३ या काळात तेथे मोठी साथ आली. वन्य माशांकडून आलेला विषाणू एकदा पिंजऱ्यांत शिरल्यावर प्रवाहांबरोबर आणि मत्स्यशेतीच्या जहाजांबरोबर एका शेतीतून दुसरीत गेला. साथीचा आरंभ वन्य माशांतून झाला असला, तरी तिचा विस्तार मुख्यतः शेतीच्या अंतर्गत व्यवहारांतून झाला.

मत्स्यशेतीत विषाणूची वाढ व बदल

निसर्गात रोगी मासा अशक्त होताच बहुधा भक्षकाच्या तोंडी पडतो. त्याची विषाणू पसरवण्याची मुदत त्यामुळे आपोआप कमी होते. अतिघातक विषाणू आपल्या आश्रयदात्याला लवकर मारतो आणि स्वतःच्या प्रसाराची वाट बंद करून घेतो. पिंजऱ्यात ही स्थिती पालटते. तेथे भक्षक नसतात, एकाच वयाचे व जनुकीयदृष्ट्या सारखे मासे एकमेकांना खेटून असतात आणि मरणाऱ्या माशाच्या शेजारी नवा आश्रयदाता सदैव उपलब्ध असतो. अशा स्थितीत घातक विषाणूही टिकून राहू शकतो.

आयएसए रोगात हा बदल प्रत्यक्ष अभ्यासता आला आहे. हा रोग प्रथम १९८४ मध्ये नॉर्वेत आढळला. रोगी माशाचे कल्ले रक्तक्षयामुळे फिकट पडतात, यकृत काळपट होते आणि मृत्यूचे प्रमाण हळूहळू वाढत जाते. या विषाणूचा एक निरुपद्रवी प्रकार निरोगी साल्मनच्या कल्ल्यांत सर्रास आढळतो व तो सहसा रोग निर्माण करीत नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या जनुकातील ठरावीक भाग गळून गेला, की याच प्रकारापासून घातक प्रकार तयार होतो. मत्स्यशेतीतील घातक प्रकार अशाच रीतीने निरुपद्रवी प्रकारापासून वेळोवेळी उद्भवतात, असे संशोधनातून दिसते. समुद्रातील ट्राउट लक्षणांविना हा विषाणू बाळगू शकतात.

रोगाच्या प्रसारात माणसाच्या कामकाजाचा वाटा किती मोठा असतो, हे स्कॉटलंडमधील १९९८-९९ च्या साथीत दिसले. जिवंत मासे टाकीतून वाहून नेणारी आणि काढणीसाठी फिरणारी जहाजे ज्या शेतींना भेट देत गेली, त्यांच्या मार्गाने रोगही गेला. पुढे फेरो बेटांतील साल्मनशेती या रोगाने जवळजवळ कोलमडली. २००७ मध्ये चिलीतील चिलोए बेटाच्या परिसरात रोग प्रकटला आणि पुढील काही वर्षांत त्या देशाचे अटलांटिक साल्मनचे उत्पादन निम्म्याहूनही खाली आले. हजारो कामगारांचा रोजगार बुडाला. चिलीतील विषाणू नॉर्वेतील विषाणूशी जवळचे नाते सांगतो. दक्षिण गोलार्धात अटलांटिक साल्मन मूळचा नसल्याने विषाणू आयात केलेल्या अंड्यांबरोबर आला असावा, असे अनुमान काढण्यात आले. मात्र अंड्यांवाटे होणाऱ्या संक्रमणाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत.

मत्स्यशेतीकडून वन्य माशांकडे

या दिशेचे संक्रमण सिद्ध करणे अवघड असते. शेतीतील मेलेले मासे रोज मोजले जातात. वन्य मासा मात्र मेल्यावर तळाशी जातो किंवा खाल्ला जातो. त्यामुळे वन्य माशांतील रोगाची नोंद बहुतेक वेळा मोठ्या प्रमाणावरील मृत्यूनंतरच होते.

जपानमधील कोई हर्पीस विषाणू रोगाची साथ तुलनेने स्पष्ट आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इस्राएल व अमेरिका येथे हा रोग ओळखला गेला. २००३ च्या शरद ऋतूत जपानमधील कासुमिगाउरा सरोवरात पिंजऱ्यांत पाळलेले कार्प मासे १,००० टनांहून अधिक प्रमाणात मेले. २००४ मध्ये बिवा या जपानमधील सर्वांत मोठ्या सरोवरात १,००,००० हून अधिक वन्य कार्प मृत झाले. साथ ओसरल्यानंतरही वाचलेल्या माशांत विषाणू टिकून राहिल्याचे आढळले. वन्य माशांत एकदा मूळ धरलेला विषाणू तेथून काढून टाकणे व्यवहारात शक्य होत नाही.

ऑस्ट्रेलियात १९९५ मध्ये, आपल्याकडील तारलीच्या जातकुळीतील पिलचार्ड या माशांचा सामूहिक मृत्यू झाला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सुरू झालेली ही साथ दोन्ही बाजूंना पसरली, प्रवाहांच्या उलट दिशेनेही गेली आणि काही महिन्यांत सुमारे ५,००० किलोमीटरच्या किनाऱ्याला तिने वेढले. न्यूझीलंडमध्येही मासे मेले. १९९८ मध्ये तशीच साथ पुन्हा आली व तिच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. दोन्ही साथींत एक हर्पीस विषाणू आढळला. दक्षिण ऑस्ट्रेलियात पिंजऱ्यातील ट्यूना माशांना आयात केलेले गोठवलेले पिलचार्ड खाऊ घालत असत. त्यांतून विषाणू आला असावा असा संशय व्यक्त झाला, परंतु तो सिद्ध झालेला नाही. पिलचार्डवर जगणाऱ्या समुद्रपक्ष्यांनाही या साथींची झळ बसली.

ब्रिटिश कोलंबियात साल्मनशेतीमुळे वन्य साल्मनला विषाणू व समुद्री उवा यांचा किती धोका होतो, हा दीर्घकाळ वादाचा विषय आहे. काही संशोधकांच्या मते तेथील एक विषाणू युरोपातून आला व शेतीतून वन्य माशांत गेला. इतरांच्या मते त्याचा वन्य माशांवरील परिणाम नगण्य आहे. कॅनडा सरकारने जून २०२४ मध्ये त्या प्रांताच्या किनाऱ्यावरील उघड्या जाळीच्या पिंजऱ्यांतील साल्मनपालन ३० जून २०२९ पर्यंत बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

दूरच्या अंतरावरील प्रसार

प्रवाहाबरोबर विषाणू काही किलोमीटर जाऊ शकतो. त्याहून लांबची झेप बहुधा माणसामुळे घडते. उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांत व्हीएचएसचा एक स्वतंत्र प्रकार शिरला. २००३ मध्ये सेंट क्लेअर सरोवरातून घेतलेल्या एका मस्केलंज माशाच्या नमुन्यात तो पुढे ओळखला गेला. २००५ व २००६ मध्ये तेथे मोठ्या प्रमाणावर मासे मेले. हा प्रकार अटलांटिक किनाऱ्यावरील सागरी विषाणूशी संबंधित आहे. तो वन्य माशांच्या स्थलांतरातून, जहाजांच्या तोलासाठी भरलेल्या पाण्यातून की गळाला लावायच्या जिवंत माशांतून आला, हे निश्चित झालेले नाही. अमेरिकी सरकारने ऑक्टोबर २००६ मध्ये सरोवरांभोवतालची आठ राज्ये व कॅनडाचे दोन प्रांत यांतून होणाऱ्या जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले.

तिलापिया सरोवर विषाणूचा प्रसार मत्स्यबीजाच्या व्यापाराशी जोडला जातो. २००९ च्या सुमारास इस्राएलमधील गॅलिली सरोवरातील वन्य तिलापियाची संख्या घटू लागली आणि शेतीतही मासे मरू लागले. २०१४ मध्ये कारणीभूत विषाणूचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर इक्वेडोर, कोलंबिया, इजिप्त, थायलंड, भारत आदी देशांत तो आढळला. तिलापिया हे कमी खर्चात वाढणारे, गरिबांच्या ताटातील प्रथिन असल्याने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये त्याबद्दल देशांना सावध केले.

शोभिवंत माशांचा व्यापार हाही एक महत्त्वाचा मार्ग आहे. कोई हर्पीस विषाणू जगभर पोहोचला तो मुख्यतः कोई माशांच्या खरेदी-विक्रीतून व प्रदर्शनांतून. काचपेटीतील नकोसे झालेले मासे नदीत किंवा विहिरीत सोडून दिल्यास त्यांच्याबरोबर विषाणूही मोकळ्या पाण्यात जातात.

भारत व महाराष्ट्र

भारत हा जलशेती उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकाचा देश आहे. येथील गोड्या पाण्यातील मत्स्यशेती प्रामुख्याने रोहू, कटला व मृगळ या कार्प जातींवर आधारलेली असून तिच्यासाठी बोटुकलीची वाहतूक राज्याराज्यांतून होते. तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. महाराष्ट्रात चिलापी या नावाने ओळखला जाणारा हा मासा उजनी जलाशयासह अनेक ठिकाणी मोकळ्या पाण्यात रुजला आहे. तिलापिया सरोवर विषाणूची भारतातील पहिली नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पश्चिम बंगाल व केरळ येथील पाळीव माशांतील होती. एकच जात पिंजऱ्यात व जलाशयात अशी दोन्हीकडे असते, तेथे पिंजऱ्यातील रोग बाहेर व बाहेरचा रोग पिंजऱ्यात जाण्यास आडकाठी नसते.

कोकणातील खाड्यांत सापडणारा आणि रायगड जिल्ह्यात तळ्यांतही वाढवला जाणारा जिताडा चेता-ऊतिनाशाला बळी पडू शकतो. भारतातील हॅचरींत या रोगाच्या नोंदी झाल्या आहेत. रोगी पिले गिरक्या घेत पोहतात, खाणे सोडतात व थोड्या दिवसांत मोठ्या संख्येने मरतात. प्रौढ मासे वरकरणी निरोगी राहून विषाणू बाळगतात. म्हणून जननक्षम मासे तपासूनच वापरावेत, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. भारतातील शोभिवंत कोई व गोल्डफिश यांतही विषाणुरोगांची नोंद आहे.

रोगांच्या पाहणीसाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय जलचर रोग निगराणी कार्यक्रम सुरू झाला. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो त्याचे समन्वयन करतो. मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत जलचरांच्या रोगांचे अध्यापन व संशोधन चालते. शेतकऱ्यांना रोगाची माहिती थेट कळवता यावी म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल उपयोजन सुरू केले.

प्रतिबंध व नियंत्रण

विषाणुरोगांवर प्रतिजैविके चालत नाहीत. पाळीव माशांसाठी काही लसी उपलब्ध आहेत. उदाहरणार्थ, आयएचएनवरील डीएनए लसीला कॅनडात २००५ मध्ये परवानगी मिळाली. मात्र मोकळ्या पाण्यातील माशांना लस देणे शक्य नसल्याने नियंत्रणाचा भर प्रतिबंधावर असतो. त्याचे मुख्य उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

- रोगमुक्त असल्याचे तपासलेले मत्स्यबीज वापरणे व नवे मासे काही काळ विलग ठेवणे.
- अंडी आयोडीनयुक्त द्रावणाने निर्जंतुक करणे. अंड्याच्या पृष्ठभागावरील विषाणूंसाठी हे परिणामकारक असते, अंड्याच्या आतील विषाणूंसाठी नव्हे.
- एका ठिकाणी एकाच वयाचे मासे ठेवणे आणि काढणीनंतर ती जागा काही काळ पड ठेवणे.
- मृत मासे दररोज काढून त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावणे.
- कत्तलखान्याचे सांडपाणी, जाळी व वाहतुकीची साधने निर्जंतुक करणे.
- कच्च्या माशांऐवजी प्रक्रिया केलेले खाद्य देणे.

हे उपाय सामुदायिकपणे पाळले तर परिणाम दिसतो. नॉर्वेत १९९० मध्ये आयएसएचा प्रादुर्भाव सुमारे ८० मत्स्यशेतींत होता. पाळीव मासे एका सागरी जागेतून दुसरीत हलवण्यास बंदी, वयोगट वेगळे ठेवणे व सांडपाण्याचे निर्जंतुकीकरण या उपायांनी १९९४ पर्यंत तो लसीविना अगदी थोड्या ठिकाणांपुरता उरला. चिलीने साथीनंतर कायदा बदलून शेजारच्या मत्स्यशेतींचे गट केले व एका गटातील सर्वांनी एकाच वेळी पिंजरे रिकामे ठेवण्याचा नियम केला. डेन्मार्कने १९६० च्या दशकापासून बाधित तळी रिकामी करून, निर्जंतुक करून व रोगमुक्त मासे पुन्हा सोडून व्हीएचएसचा पाठपुरावा केला आणि २०१३ मध्ये देश या रोगापासून मुक्त घोषित झाला. यांपैकी अनेक रोग जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या सूचीत असून ते आढळल्यास सदस्य देशांनी कळवणे बंधनकारक असते.

मानवी आरोग्य

या लेखात वर्णिलेले विषाणू माणसाला रोग करीत असल्याचा पुरावा नाही. थंड रक्ताच्या प्राण्यांशी जुळवून घेतलेले हे विषाणू मानवी शरीराच्या तापमानाला सहसा वाढत नाहीत. तरीही मेलेले किंवा आजारी मासे खाण्यासाठी वापरू नयेत, कारण त्यांत माणसाला अपायकारक जिवाणू वाढलेले असू शकतात. असे मासे दुसऱ्या जलाशयात टाकू नयेत व आमिष म्हणूनही वापरू नयेत. गोठवल्याने सर्व विषाणू नष्ट होत नाहीत.